कांद्याची सफर आणि नारळाची साक्ष

माझे बाबा मालवाहू जहाजावर सारंग होते, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. जहाजावर हुकूम कप्तानाचा चालतो आणि खापर सारंगाच्या डोक्यावर फुटतं. ही सोय गलबतांच्या काळापासून चालत आलेली आहे आणि ती मोडावी असं अजून कुठल्याही कप्तानाला वाटलेलं नाही.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. आम्ही वाशीला कांदा-बटाटा मार्केटच्या मागे सिडकोच्या घरात राहायचो. मी जवळच्याच पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नुकतीच अकाउंट्सला लागले होते. त्या वर्षी बाबांच्या जहाजाने आखातात न्यायला नेमका कांदा भरला. "घराकडे कांदो, जहाजार कांदो, देवान माझ्या नशिबात दुसरी भाजीच लिवूक नाय," असं म्हणत बाबा गेले. देवाने ऐकलं असावं, कारण तो कांदा आखातात पोचलाच नाही.

झालं असं. कांदा घामेजायला लागला म्हणून कप्तानसाहेबांनी मालाच्या खणांची झाकणं उघडायला लावली. इथपर्यंत ठीक. दुपारनंतर वारा फिरला, तेव्हा बाबांनी वर जाऊन सांगितलं, साहेब, झाकणं लावूया. "कप्तान कोण? तू की मी?" साहेबांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. लाटेने मात्र कप्तान कोण याची चौकशी केली नाही, ती सरळ खणात शिरली. कांदा नासला, जहाज अर्ध्या वाटेतून न्हावा शेव्याला परत आलं आणि कंपनीने जाहीर केलं, की सारंगाने कुणाला न विचारता झाकणं उघडी टाकली. चौकशी लागली. त्यात बाबा दोषी ठरले, तर त्यांना पुन्हा कुठलंच जहाज मिळणार नव्हतं. आणि जहाजाशिवाय बाबांना दुसरं काही येत नव्हतं. घरी तर त्यांना साधी गॅसची शेगडी पेटवता यायची नाही.

साक्षीदार तीन. दोन खलाशी आणि एक भंडारी, म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी. तिघेही आमच्याच गावचे, मालवणकडचे, आणि तिघांनाही जहाजावर चिकटवलं होतं बाबांनीच. चौकशी होईपर्यंत हे राहणार कुठे? अर्थात आमच्याकडे! हॉलमध्ये तीन वळकट्या पडल्या. भंडारी तर रोज आईच्या आमटीला नावं ठेवून वर दोनदा भात मागायचा.

आईचा सरकारी शपथेवर काडीचा विश्वास नव्हता. चौकशीच्या आदल्या संध्याकाळी तिने पाटावर नारळ ठेवला, तिघांना समोर बसवलं आणि गावच्या देवाला गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरांका खरा बोलूची बुद्धी दी!"

"होय म्हाराजा!" तिघे एका सुरात ओरडले.

"आता नारळार हात ठेवा आणि सांगा. झाकणां कोणी उघडी ठेवल्यान?"

"कप्तानान!" तिघांनी आळीपाळीने सांगितलं. "सारंगमामा लावा, लावा म्हणान बोंबलत होते." भंडाऱ्याच्या तर डोळ्यांत पाणी आलं. आई निर्धास्त झाली. नारळावर हात ठेवून खोटं बोलणारा माणूस तिच्या गावात अजून जन्मलेला नव्हता. बरोबरच होतं तिचं. नारळावर कोणी खोटं बोललंच नाही.

दुसऱ्या दिवशी बेलापूरच्या ऑफिसात मी बाबांसोबत गेले. तिथे नारळ नव्हता, कंपनीचा वकील होता. पहिला खलाशी उभा राहिला. "सारंगाने स्वतःच्या जबाबदारीवर झाकणं उघडी ठेवली." दुसराही तेच बोलला, शब्दाला शब्द. जन्मात मालवणीखेरीज न बोललेली माणसं, आणि काय शुद्ध मराठी, वा! मग भंडारी. तोही तेच म्हणाला.

"तुम्ही तेव्हा कुठे होता?" चौकशीच्या साहेबांनी विचारलं.

"सैपाकघरात."

"मग तुम्हाला दिसलं कसं?"

भंडाऱ्याने वकिलाकडे बघितलं, वकिलाने छताकडे. साहेबांनी पुढे काही विचारलं नाही, कारण त्यांची जेवणाची वेळ झाली होती.

कंपनीने तिघांना पुढचं जहाज कबूल केलं होतं. ते आम्हाला जिना उतरताना कळलं. एका खलाशाने बाबांचा हात धरला, "मामा, माका पोरां आसत." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मग आम्ही काय मांजरं आहोत का? पण बाबा नुसते म्हणाले, "चला. भूक लागली आसतली."

वळकट्या आमच्याकडेच होत्या, त्यामुळे तिघांना यावंच लागलं. झालेलं ऐकून आई तशीच स्वयंपाकघरात गेली. तिने तोच नारळ फोडला, खवला, वाटला आणि बांगड्याची आमटी केली. पानं वाढली.

"जेवा," ती म्हणाली. "तुमचोच नारळ आसा."

दोघे मान खाली घालून जेवले. भंडाऱ्याने पहिला घास तोंडात घातला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. त्या दिवशी त्याने आमटीला नावं ठेवली नाहीत, भातही मागितला नाही.

बाबांना पुन्हा जहाज मिळालं नाही. ते कांदा मार्केटच्या गेटवर वॉचमन झाले. देवाने भाजी काही बदलली नाही. पण अवकाळी ढग दिसले, की बाबा गेट सोडून गाळ्यागाळ्यांतून ओरडत फिरायचे, "झाकून घ्या रे! झाकून घ्या!" आणि साताऱ्याकडचे माथाडी "आलो दादा, आलो!" म्हणत हातातलं टाकून धावायचे, पोत्यांवर ताडपत्री ओढायचे. तू कोण, असं एकानेही त्यांना कधी विचारलं नाही.