बोअरची ओटी

जमिनीखालचं पाणी मोजण्यात माझा जन्म गेला. सुरतेच्या आसपास किती बोअरमध्ये टेप सोडली, आता आठवतही नाही. तिथल्या गोडादरा वस्तीतली एक बोअर मात्र डोक्यातून जात नाही. अजूनही पाणी प्यायला ओंजळ धरली की माझा हात थबकतो.

त्या गल्लीत लूमवर काम करणारी खानदेशी कुटुंबं राहायची. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो, म्हणून ते धुण्याभांड्याला, प्यायला बोअरचं. जमिनीच्या पोटातलं ते शुद्धच, अशी सगळ्यांची खात्री. माझी आईसुद्धा हेच म्हणायची, त्यामुळे हसायची सोय नव्हती. त्या पाण्यात कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचं विष उतरल्याचा तपासणीचा निकाल आला, आणि तो सांगायला मीच गेले.

बोअरपाशी बायका जमलेल्या. सव्वा महिन्याची बाळंतीण विहिरीची ओटी भरायला आली होती. इथे विहीर कुठली, म्हणून बोअरची. पाइपाला हळदकुंकू, पुढे नारळ, खण, तांदूळ. सगळं इतकं मायेनं मांडलेलं की मला तोंड उघडवेना. बाळाला खांद्यावर घेऊन सासूनं पंप सुरू केला आणि सुनेला म्हणाली, ओंजळभर पी, दूध आटणार नाही.

"थांबा!" मी ओरडलेच. मग काय ते सांगितलं. सासू भडकली.

"इतलं नितळ पानी शे! धरतीमाय आपला पोरले जहर देस का, ताई?"

साहेबलोकांशी भांडायला मला मजा येते. तिच्याशी भांडताना येत नव्हती. तरी मी हट्टाला पेटले. कारखाने, रंग, खाली झिरपणारं पाणी, तेच तेच सांगत राहिले. तीही ऐकेना. मध्ये सून भरली ओंजळ धरून उभी.

शेवटी तिनं ओंजळ सोडली. जिंकल्यासारखं मला क्षणभर बरं वाटलं. पदराला हात पुसत ती म्हणाली, "ताई, हा पोटात व्हता तवा मी हेच पानी पीत व्हते. याला काही व्हईल का?"

तपासणीच्या निकालात पाण्याचे आकडे होते, बाळाबद्दल काही नव्हतं.

इतका वेळ हुज्जत घालणाऱ्या सासूनं पंप बंद केला. बाळाला घट्ट धरून ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.