देवापुढच्या दोन चिठ्ठ्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही. आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही उद्या माझ्या पंगतीला बसणार नाही, म्हणून असेल.

आधी आमच्या ह्यांच्याबद्दल. हे एकलहऱ्याच्या वीज केंद्रात आहेत, कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यांवर. परमनंट. हा शब्द मी किती वेळा तोंडात घोळवला असेल — हळदीकुंकवाला, लग्नाकार्यात, अहो, भाजीवालीशी बोलतानासुद्धा. नोकरी त्यांची, मिरवायची मी. ह्यांचा जीव मात्र तिथे कधी रमला नाही. ड्यूटीवरून आले की अर्धा तास अंघोळ, मग नुसतं बसून राहायचं. भांडण नाही, तक्रार नाही. मला वाटायचं, पुरुषमाणसं असतातच अशी.

मग संपतनं, माझ्या मावसभावानं, दिंडोरीला द्राक्षबागांवर ड्रोननं औषध फवारायचं काम सुरू केलं. एका रविवारी आम्ही बघायला गेलो. ह्यांनी सहज ते यंत्र चालवायला घेतलं — आणि काय सांगू! तासाभरात ओळीवरून ओळ सरळ जायला लागली. संपत म्हणाला, "दाजी, असा हात लय कमी लोकांना असतो. सोडा ती नोकरी, या माझ्याकडं." हे हसले. मोठ्यानं, मान मागे टाकून. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि हे असे हसतात हे मला ठाऊकच नव्हतं. बायकोनं खूश व्हायचं ना अशा वेळी? मी परत निघायची घाई सुरू केली.

पुढचे दोन महिने घरात दुसरा विषय नाही. सुट्टी आली की दिंडोरी. ट्रेनिंग झालं, सर्टिफिकेटही आलं. मी सरळ "जाऊ नका" म्हटलं असतं तर? ऐकलं असतं त्यांनी, माझं ऐकतात ते. पण मग आडवी आलेली मी ठरले असते. मला नोकरीबरोबर मिळालेलं कॉलनीतलं क्वार्टरही हवं होतं आणि चांगुलपणाही. म्हणून म्हणत राहिले — "तुमचं तुम्ही ठरवा, मी आहे पाठीशी." किती समजूतदार ना?

संपतला उत्तर द्यायचा दिवस आला तरी ह्यांचं ठरेना. शेवटी म्हणाले, देवापुढे चिठ्ठ्या टाकू. त्यांच्या घरची रीतच आहे ती. शेत घेताना, बहिणीचं स्थळ ठरवताना — चिठ्ठीत येईल ते शिरसावंद्य. "तूच लिही," म्हणाले, "तुझ्या मनात वाकडं काही नाही." आणि अंघोळीला गेले.

मी ओट्यावर कॅलेंडरचं जुनं पान फाडून दोन तुकडे केले. एकावर लिहिलं — थांब. दुसरा पुढ्यात घेतला. आत बादली भरत होती. 'जा' — एवढंच तर लिहायचं होतं हो. पेन टेकवलं... आणि — आता लपवून काय करू? — त्याच्यावरही मी 'थांब'च लिहिलं. घड्यासुद्धा अगदी सारख्या घातल्या.

हे देवघरासमोर बसले. डोळे मिटून वाटीतली एक चिठ्ठी उचलली, उघडली. दोन अक्षरं वाचायला माणसाला किती वेळ लागतो? मग त्यांचा हात पुन्हा वाटीकडे गेला. "दुसरीही बघतो गं, नुसती."

मी झडप घातली. आणि काय बोलले ते ऐका — "देवाची परीक्षा घेता? लाज नाही वाटत?" चिठ्ठी माझ्या मुठीत, आणि लाज त्यांना विचारतेय! ह्यांनी हात मागे घेतला. देवापुढे कान पकडले. मी ती चिठ्ठी गॅसवर जाळली आणि त्याच गॅसवर चहा ठेवला.

संपतला फोन केला तेव्हा मी शेजारीच होते. हे म्हणाले, "देवाची मर्जी नाही रे." तो तिकडून ओरडला, "दाजी, देवाला काय कळतंय ड्रोनमधलं?" असं बोलू नये, एवढंच म्हणून ह्यांनी फोन ठेवला.

त्याला चार वर्षं झाली. माझे वडील सारखे धंदे बदलायचे, आम्ही बिऱ्हाडं हलवत वाढलो, म्हणून मी घाबरले — असं सांगून मला सुटता येईल. पण खोटं ठरेल ते. ओट्यापाशी मला वडील आठवलेच नव्हते. परमनंटची बायको म्हणून मिळणारा मान सुटत नव्हता, बस्स.

परवा सकाळच्या शिफ्टला निघण्याआधी हे देवापुढे उभे होते. मी डबा घेऊन मागे आले, त्यांना कळलं नाही. हात जोडून हळू आवाजात म्हणत होते, "तू थांब म्हणालास, थांबलो. पण मन अजून तिकडंच धावतं रे. माझं चुकतं. माफ कर मला."

रोज म्हणत असतील का हे? चार वर्षं?

मी डबा त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "आटपा, उशीर होतोय." ते म्हणाले, "हो गं," आणि कामावर गेले.