इंजेक्शनचं वावडं

दवाखान्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. मी डॉक्टर आहे त्या कराडजवळच्या छोट्या हॉस्पिटलात तर निम्मे किस्से एकाच प्रश्नावर साचलेत. अँटिबायोटिक टोचण्याआधी शमीम सिस्टर तो प्रत्येकाला विचारतात, "कसलं वावडं हाय का?"

*

सांगलीचे एक जैन व्यापारी पाय कापला म्हणून आले होते. त्यांनी शांतपणे सांगितलं, "कांदा, लसूण, बटाटा."

सिस्टर म्हणाल्या, "इंजेक्शनात न्हाई घालत आमी."

*

एक मावशी म्हणाल्या, "पांढऱ्या गोळीनं अंगावर गांधी उठत्यात."

"कुठल्या पांढऱ्या?" मी विचारलं.

"ती न्हाई का, गोल."

"मावशी, माझ्याकडच्या निम्म्या गोळ्या पांढऱ्या आणि गोलच आहेत."

"मग त्या निम्म्या दिऊ नगा."

खरंच दिल्या नाहीत.

*

औंधचे तुकारामअण्णा फौजेतून निवृत्त झालेले. न्यूमोनिया झाला म्हणून ॲडमिट केले. वावडं कसलंच नव्हतं, टेस्ट डोसही व्यवस्थित गेला. सेफ्ट्रायक्झोनचं पूर्ण इंजेक्शन जात असताना म्हणाले, "तळहात लय खाजाय लागलं..."

पुढचं वाक्य आलंच नाही. ओठ सुजले, श्वास घरघरला, नाडी लागेना. सिस्टरनी इंजेक्शन थांबवून ऑक्सिजन लावला. मी मांडीत ॲड्रिनलिन दिलं आणि छाती दाबायला घेतली. मी दमलो की सिस्टर, त्या दमल्या की मी. अण्णांच्या पत्नी पारूकाकी दारात उभ्या होत्या. पुन्हा ॲड्रिनलिन दिलं. बोटाखाली नाडी फडफडली, तेव्हा कुठे आम्ही छाती दाबायचं थांबवलं.

साताऱ्याला हलवताना ॲम्ब्युलन्समध्ये अण्णांनी डोळे उघडले. "छातीवर कोण नाचलं?"

"मी आन् डॉक्टर," सिस्टर म्हणाल्या.

"दोघंबी फौजेत चालशीला."

*

अण्णा ठणठणीत झाल्यावर मी बजावलं होतं, हे औषध जन्मात घ्यायचं नाही, कुठल्याही डॉक्टरला आधी सांगायचं. नंतर एकदा दोघं भेटायला आले. अण्णा म्हणाले, "बेसुद झालो तर सांगणार कोण? म्हणून जत्रंत गोंदून घेतलं." त्यांनी बाही वर केली.

हातावर लग्नातलं जुनं गोंदण होतं: 'पारू'. त्याच्या बरोबर खाली नवं, ठसठशीत: 'सेफ्ट्रायक्झोन. चालत नाही.'

मी वरपासून खालपर्यंत वाचलं आणि हळूच काकींकडे बघितलं.

"असू द्या," काकी म्हणाल्या. "नाव माझंच वर हाय."