कमलची कंबर आणि माझा टेप

शिलाईच्या कारखान्यात चिंध्या आणि किस्से सारखेच साचतात. चिंध्या निदान पोत्यात भरून कोणी नेतं, किस्से आपल्याच डोक्यात पडून राहतात. नांदगाव पेठेत माझ्या शेजारच्या मशीनवर कमल बसते. यंदा तिच्या एकटीच्या कमरेनेच पोतं भरलं.

झालं असं, की तिच्या अकोल्याच्या धाकट्या भावाच्या, सुनीलच्या, दोन्ही किडन्या गेल्या. कमल एक द्यायला तयार. डॉक्टर म्हणाले, "आधी चरबी उतरवा, मग बोलू." कमलच्या पोरीने मोबाइलवर हिशेब शोधला. उंची, मान, कंबर, कुल्ले मापायचे, आकडे टाकायचे, की अंगात चरबी किती टक्के ते घरबसल्या कळतं. अंदाजच, पण कळतं. टेप माझा.

पहिल्याच दिवशी अठ्ठेचाळीस टक्के आले. कमलने डबा उघडला नाही. मग माझ्या ध्यानात आलं, हाताच्या सवयीने मी टेपखाली दोन बोटं सैल सोडली होती.

"अवं माय," कमल म्हणाली, "मले फिटिंग नाही पायजे, किडनी द्याची हाय."

*

पुढच्या सोमवारी कंबर चार इंच वाढली. आठवडाभर अर्धपोटी राहून! पाहिलं तर बाईसाहेब निऱ्यांवरूनच टेप लावून उभ्या, वर कमरेला मोबाइल खोचलेला.

मी म्हटलं, "चरबी तुह्यापेक्षा साडीलेच जास्त हाय."

*

त्या हिशेबात मान जाड भरली की चरबी कमी दिसते. हे कळल्यावर कमल बेडकासारखी मान फुगवून उभी राहू लागली. आकडाही झकास उतरला.

"मोबाइल फसन," मी म्हटलं, "डॉक्टर फसन का?"

मान उतरली, आकडा चढला.

*

तिच्या नवऱ्यालाही हौस आली. पोट आत ओढून, श्वास कोंडून उभा. पोरगी खूश, बाबा एकदम फिट.

कमलने शांतपणे विचारलं, "मी किडनी देऊन राहिली, तुमी काय देता?"

उत्तर द्यायला तोंड उघडलं, तसं पोट बाहेर आलं.

*

सुनीलची बायको सुषमा. तिचं आणि कमलचं वीस वर्षांत जमलं नाही. नणंद जेवली का म्हणून तिने कधी विचारलं नाही. आता रोज फोन.

"ताई, जेवल्या तर नाही ना?"

*

चार महिन्यांनी कमलसोबत मी अकोल्याला गेले. डॉक्टरांनी आमच्या आकड्यांच्या कागदाकडे पाहिलंही नाही. त्यांच्या तपासण्या आधीच झाल्या होत्या. म्हणाले, "यांची किडनी घेता येईल."

तिथून सुनीलच्या घरी. तो पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता, बहिणीकडे पाहवत नव्हतं त्याला. कमलचं ब्लाउज खांद्यावरून सारखं घसरत होतं. सुषमा आतून टेप घेऊन आली.

"आता काहून मापून राहिली?" कमल म्हणाली. "डॉक्टर हो म्हणले ना."

"सरळ उभ्या राहा, ताई."

तिने कंबर मापली. मग छाती. मग खांदा, बाही, मागचा गळा. सगळं कॅलेंडरच्या मागे लिहून घेतलं.

कमल माझ्या कानाशी आली. "काहून वो, चरबीच्या हिशेबात बाही कधीपासून आली?"

वीस वर्षं मशीन चालवते मी. म्हटलं, "नवीन हिशेब असन."