न बुडवता आलेला गणपती

गणपती घरीच करायचा ही टूम आमच्या मराठी मंडळातल्या एका काकूंची. भारतातून येणाऱ्या मूर्ती प्लॅस्टरच्या, रंग भडक, आणि बाप्पाच्या चेहऱ्यावर विमानप्रवासाचा शीण दिसतो, असं त्यांचं ठाम मत. "एवढी नदी आहे गावाला, माती फ्री आहे, मुलांची ॲक्टिव्हिटीपण होऊन जाईल," त्या म्हणाल्या. ऑगस्टमधल्या एका रविवारी आम्ही चार-पाच कुटुंबं बादल्या आणि खुरपी घेऊन निघालो.

अमेरिकेत जरा कुठे पाणी दिसलं की लोक घडीच्या खुर्च्या टाकून बसतात. इथे नदीकाठी कोणी म्हणजे कोणी नव्हतं. गळ टाकून बसलेला एखादा म्हातारा नाही, कुत्रा फिरवणारी बाई नाही. समुद्र जवळच, त्यामुळे ओहोटीला नदीचा चिखल लांबवर उघडा पडला होता आणि त्यावर पक्ष्याच्या पायाचा एक ठसा नव्हता. मला ते चमत्कारिक वाटलं, पण माती हातात घेतली आणि मी सगळं विसरले. काळीभोर, लोण्यासारखी, औषधालाही खडा नाही.

झुडपात एक कललेली पाटी होती. तिच्यावर मासा आणि खेकडा, दोघांवर लाल काट, आणि खाली सूचना: इथले मासे खाऊ नयेत. काकू हसल्या. "आपल्याला काय, आपण तर प्युअर व्हेज." सगळेच हसलो.

माझी मुलगी तेव्हा पहिलीत होती. तिने कोपरापर्यंत हात घालून माती मळली, थोडी गालाला फासली, आणि मूर्ती स्वतः केली. एक कान मोठा, सोंड आखूड. मला तो गणपती फार आवडला होता, हे आजही सांगते.

दुसऱ्या दिवशी गणेशचतुर्थी. शेजारचे आजोबा मोदक खायला आले. गोरे, उंच, मोजकं बोलणारे. तरुणपणी ते व्हिएतनामच्या युद्धात होते एवढं आम्हाला माहीत होतं, आणि त्यांच्या हातांवरची कातडी सदा सोललेली असायची. माती कुठून आणली ते मुलीने त्यांना मोठ्या फुशारकीने सांगितलं. आजोबांनी बशी खाली ठेवली. ते उठले, मूर्तीला हात लावला नव्हता तरी हात धुतले, आणि बाहेर पायऱ्यांवर जाऊन उभे राहिले. मी मागोमाग गेले.

"वरच्या अंगाला, पुलापलीकडे, कारखाना होता," ते म्हणाले. "तिकडे आमच्या डोक्यावरून विमानं जे फवारायची, ते इथे बनायचं. जंगलाची पानं झडावीत, कोणाला लपता येऊ नये, म्हणून. आधी झाडं पिवळी पडायची. मग एक दिवस आवाज बंद व्हायचा. किडे नाहीत, पाखरं नाहीत. आम्ही तिथल्याच ओढ्यांचं पाणी प्यायचो." कारखाना कधीच बंद पडला, पण त्याची घाण अजून नदीच्या तळाशी गाळात आहे, तिथून ती माशांत जाते, आणि पाटी त्यासाठीच आहे, असं त्यांनी सांगितलं. चिखल कोणी घरी नेईल, हे पाटी लावणाऱ्यांच्या डोक्यात आलं नसावं.

मी आत आले. मुलगी मूर्तीपाशी गाल टेकवून गाणं म्हणत होती. मूर्ती वाळत होती, आणि पाटावरच्या पांढऱ्या कापडावर बारीक काळी भुकटी पडली होती. मी मुलीचे हात लाल होईपर्यंत घासले. भुकटी ओल्या फडक्याने पुसली. काकूंना आणि बाकीच्यांना फोन करून कळवलं. सकाळी पाहिलं तर पुन्हा तेवढीच.

डॉक्टर म्हणाल्या, एकदाच हाताळलंय, घाबरण्यासारखं नाही, फक्त धूळ उडू देऊ नका. धीर देणारंच बोलल्या, तरी घरी आल्यावर मी मुलीचे हात पुन्हा घासले.

मातीचाच गणपती, तेव्हा बादलीत विसर्जन करून ते पाणी टोमॅटोच्या वाफ्यात ओतायचं असं आम्ही ठरवलं होतं. आता ते शक्यच नव्हतं. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, "अगं, उत्तरपूजा कर, अक्षता वाहा, मूर्ती जरा हलव. देव गेला की उरते ती नुसती माती." त्यांना कसं सांगू, मला भीती मातीचीच वाटत होती.

उत्तरपूजा केली. मूर्ती रंगाच्या जुन्या डब्यात ठेवली, झाकण घट्ट लावलं, डबा गराजमध्ये नेला. मुलगी गराजमध्ये पाऊल टाकेना. "मम्मा, कॅन ही ब्रीद इन देअर?" असं ती रोज विचारायची.

पाटीवर खाली एक नंबर होता. फोन केला. पलीकडचा माणूस अतिशय सभ्य होता. त्याने सांगितलं, ते रसायन बनवणारी कंपनी आता अस्तित्वात नाही, तिला दुसरीने विकत घेतलं, दुसरीचे तुकडे झाले, आणि आपण त्यातल्या एका तुकड्यातर्फे बोलतोय. शिवाय माल सरकारने मागवला होता, तेव्हा चूक कोणाचीच ठरलेली नाही. नदीतला गाळ मात्र ते बघतात.

"मग ही माती घेऊन जा."

"ती आता नदीत नाही, मॅडम. ती तुमच्या घरात आहे."

"मग नदीत परत टाकते."

"तसं करू नका. दूषित माती नदीत टाकणं गुन्हा आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय वाटेल ते बोलले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि माझा दिवस चांगला जावो अशी इच्छा व्यक्त केली.

संध्याकाळी कुंपणापाशी आजोबांना हे सांगितलं. ते हसले, पण तोंडभरून नाही.

"मलाही असंच म्हणाले होते," ते म्हणाले. "पिंपात होतं तोवर त्यांचं. माझ्या अंगात शिरल्यावर माझं."

मग ते आमच्या गराजमध्ये आले, इकडेतिकडे पाहिलं, आणि डबा उचलला.

"माझ्याकडे राहू दे. माझ्या घरात लहान मूल नाही. हे विष मुलात उतरेल या भीतीपायी आम्ही होऊच दिलं नाही."

डबा छातीशी धरून ते हिरवळीवरून त्यांच्या घराकडे गेले. मुलीने मागून बाप्पाला हात हलवला. मी त्यांना थांबवलं नाही.