विकेटकीपरची जागा

अन्याय आमच्या विकेटकीपरवर झाला. १९९१ च्या जानेवारीत, आखाती युद्ध सुरू झाल्यानंतरच्या दुसऱ्या शुक्रवारी. जुम्म्याची नमाज आटोपून ते जेद्दाच्या अल अझीझियात, गोदामामागच्या आमच्या मैदानावर पॅड बांधत होते. शेवटचा पट्टा लावायचा होता, तेवढ्यात ऑफिसचा ड्रायव्हर आला.

"मामू, पॅड सोडा. साहेब बोलावतात."

"मॅच झाल्यावर येतो म्हणून सांग."

"आत्ताच या म्हणाले."

मामू रत्नागिरीकडचे. वय पंचेचाळीस, गुडघे साठीचे. कंपनीच्या कागदावर ते स्टोअरकीपर होते. आमच्या टीममधला प्रत्येकजण कागदावर दुसराच कोणीतरी होता: पेंटर, टायपिस्ट, हेल्पर. क्रिकेटसाठी कंपनीने अकरा इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, बाजूला काढले होते. टीममधून गेला तो इकाम्यातून गेला, इकाम्यातून गेला तो घरच्यांसकट देशातून गेला. हा नियम कुठेही लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता.

ऑगस्टमध्ये कुवेत पडलं तेव्हा आमचे पाच खेळाडू सुट्टी घेऊन गावी गेले ते परतलेच नाहीत. मामूंनाही घरून निरोपावर निरोप येत होते. ते गेले नाहीत. त्यांची मुलगी इथल्या इंडियन स्कूलमध्ये दहावीला होती, मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. आणि दुसरं कारण ते हसत सांगायचे, "मी गेलो तर टीम बांधील कोण? तू? तुला तर कॅच आला की पत्रक वाटल्यासारखे हात पुढे होतात."

मी तेव्हा तेवीसचा. गावी कामगारांची पत्रकं लिहिली होती, इथे टाइमकीपर होतो. हजेरी माझ्याकडे, टीमची यादीही माझ्याकडे.

पाचपैकी चार जागा आम्ही ऑफिसातल्याच पोरांनी भरल्या, चार इकामे त्यांच्या नावावर गेले. ओपनर मिळेना. डिसेंबरमध्ये मामू स्वतःच्या खर्चाने बसने दूर उत्तरेला, हाइलला गेले. तिथे गव्हाच्या शेतीवर पंप सांभाळणारा एकजण चांगला खेळतो असं कळलं होतं. परत आल्यावर शराफियातल्या हॉटेलात चहा पिताना ते सांगत होते, "सहा ओव्हर त्याच्या मागे कीपिंग केलं. समोरून कुणीही फसतो. मागे उभं राहिलं की बॅट्समन खरा कळतो. घ्याच त्याला."

मीच ते मॅनेजरना सांगितलं. मॅनेजर आपलाच माणूस, मराठी. म्हणाले, "घेऊ. पण पगार जास्त मागतोय, आणि टीमच्या पगाराला आपले सौदी मालक, कफील, एक रियाल वाढवून देणार नाहीत. त्यात ऑगस्टपासून रिकामा उरलेला एकुलता इकामा त्यांनी पुतण्याच्या ड्रायव्हरला देऊन टाकलाय. तेव्हा पगार आणि इकामा, दोन्ही एकाच माणसात मोकळे होतील असं नाव बघ."

असं नाव एकच होतं. बारा वर्षं काम करून ज्याचा पगार चढला होता, तोच माणूस. मी कागदावर बसवून पाहिलं, बसलं. मी त्या नावावर रेघ मारली. रेघेचा अर्थ ठाऊक नव्हता असं लिहिलं तर हे सगळं लिहिणं खोटं ठरेल. मला ठाऊक होतं. हाइलला जाऊन मामूंनी स्वतःच्याच जागेवर माणूस शोधून आणला होता, हेही त्या वेळी फक्त मला ठाऊक होतं.

त्या शुक्रवारी ते ऑफिसातून परतले तेव्हा आमची बॅटिंग चालू होती. माझ्याशेजारी स्कोअरच्या बाकावर बसले.

"खलास," म्हणाले. "पंधरा दिवस दिलेत."

"परीक्षेपर्यंत थांबू द्या म्हणालात?"

"म्हणालो. साहेब म्हणतात, तोपर्यंत कंपन्यांची स्पर्धा संपेल, नव्याचा इकामा त्याआधी बदलून व्हायला हवा." मग माझ्या वहीकडे बघून विचारलं, "यादी तू केलीस ना रे?"

"हो."

"अक्षर ओळखलं मी." एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मी मॅनेजरकडे गेलो. "दोन महिने माझा पगार कापा," म्हणालो. ते हल्ल्याच्या भीतीने खिडकीच्या काचेवर चिकटपट्टी लावून घेत होते, रेडिओवर रियाधवर पडलेल्या क्षेपणास्त्राची बातमी चालू होती. "पगार तुझा देशील," ते म्हणाले, "इकामा कुणाचा देशील? तुझा?"

मी हजेरीची वही उचलून बाहेर आलो. पत्रकं लिहिणारा मी, माझा इकामा माझ्या खिशातच राहिला.

विमानतळावर मुलगी वह्यांची पिशवी छातीशी धरून उभी होती. "पापा, बट माय बोर्ड्स?" तिने विचारलं. मामू मराठीत म्हणाले, "गावी जाऊन देऊ हां, बेटा." गावी त्या वर्षी कुठलीच शाळा तिचा फॉर्म भरणार नव्हती, मुदत कधीच टळली होती. हे तिलाही कळत होतं.

मामूंचे ग्लव्हज ऑफिसातल्या आणखी एका पोराने घातले, आणि हाइलच्या ओपनरने पहिल्याच मॅचला सत्तर काढले. भला पोरगा, त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. मैदान टाळ्यांनी दणाणलं. मीही वाजवल्या.

तुमच्या कंपनीतही टीम असेल, आणि ती सुधारायची म्हणून कधीतरी नवी यादी लागेल. नव्या नावाला टाळी वाजवण्याआधी खोडलेलं नाव वाचा. मोठ्याने वाचा, यादी करणाऱ्यासमोर वाचा आणि विचारा: हा माणूस आता कुठे जाणार, आणि त्याच्यासोबत कोण कोण? उत्तर मिळेपर्यंत मैदानात उतरू नका. आम्ही अकराजण उतरलो होतो.