पाठ केलेला तक्ता

चष्म्याच्या दुकानात माणसं खोटं बोलतात, हे बाहेरच्या कुणाला सांगून खरं वाटायचं नाही. पण गल्लीतले चष्मेकाका तीस वर्षं तेच बघत आले होते. गिऱ्हाईक जुना चष्मा नाकावर असतानाच भिंतीवरचा तक्ता डोळ्यांखालून घालतं, शेवटच्या ओळीतली बारीक अक्षरं मनात घोकतं, आणि चष्मा उतरवला की शाळेतली कविता म्हणावी तशी घडाघडा म्हणून दाखवतं. ड्रायव्हर लोक परवान्यासाठी करतात, ते एक वेळ समजू शकतं. पण पंचाहत्तरीची आजीसुद्धा करते, नापास व्हायला नको म्हणून! काकांचा उपाय साधा होता. त्या तक्त्यामागे वेगळ्या अक्षरांचा दुसरा तक्ता होता. गप्पा मारता मारता ते तक्ता उलटायचे, आणि पाठांतरवाला जुनीच अक्षरं म्हणत सुटायचा.

"अहो, परीक्षा तुमची नाही, काचेची आहे," काका म्हणायचे. "दोन काचा दाखवतो. पहिली बरी की दुसरी, तेवढंच सांगा. सारखंच दिसलं तर सारखं म्हणा. खोटं सांगाल तर चुकीचा चष्मा लावून फिराल."

काही गिऱ्हाइकं मात्र "परत एकदा दाखवा" म्हणायची. ती काकांची लाडकी. अशा माणसाला कितीही वेळ लागला तरी ते घाई करत नसत. त्याला काहीतरी फरक कळलेला असतो, फक्त खात्री नसते, असं त्यांचं म्हणणं.

तर असा हा लबाडी पकडणारा माणूस गेलं वर्षभर स्वतःच्या घरात लबाडी करत होता.

सुरुवात कधी झाली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. काही घडलंच नव्हतं, हीच तर अडचण होती. कुणी गेलं नव्हतं, दुकान चालत होतं, बायको धडधाकट आणि थट्टेखोर, लेक आपल्या संसारात सुखी. फक्त एक दिवस सकाळचा चहा नुसता गरम लागला. मग रेडिओवर आवडतं गाणं लागलं आणि संपलं, बस. शेजारच्या शिंप्याच्या विनोदावर सगळे हसले, तेव्हा आपणही हसायला हवं हे कळलं, पण हसू ओढून आणावं लागलं. दुःखही होत नव्हतं. रडू आलं असतं तर निदान बायकोने विचारलं तरी असतं. आत सगळं बधिर झालं होतं आणि शाबूत राहिलं होतं ते एकच, अपराधी वाटणं. ते मात्र रोज ताजं. "सगळं मिळालंय आणि तरी याला काही गोड लागत नाही. कृतघ्न मेला!" दाढी करताना ते आरशातल्या माणसाला सुनवायचे.

मग त्यांनीही तक्ता पाठ केला. ताट समोर आलं की "वा!" बायकोने नवी साडी नेसली की "रंग खुलतोय तुला." कुणाची चांगली बातमी कळली की दोनदा "अरे वा" आणि एकदा "कधी?" कुणालाच काही कळलं नाही. निदान त्यांची तशी समजूत होती.

अशात लेक तीन महिन्यांच्या तान्ह्या मुलीला घेऊन आली. जावई कामासाठी बाहेरगावी होता, म्हणून दीड महिना राहणार होती. तिने दारातच नात त्यांच्या हातात दिली. चष्मेकाका वाट बघत उभे राहिले. आता तरी काहीतरी होईल, आत काहीतरी हलेल. मूल टकमक बघत होतं. त्याचं डोकं सांभाळायचं असतं हे त्यांना आठवलं, ते त्यांनी सांभाळलं. "डोळे बघा केवढे! भिंगरी आहे नुसती!" ते म्हणाले. सगळे हसले आणि तेच नाव पडलं. बायकोने डोळे पुसले. काका मनात म्हणाले, आपल्यासारखा नालायक आजोबा शोधून सापडायचा नाही.

दीड महिना त्यांनी एकही शब्द चुकवला नाही. लेक परत जाणार त्या आठवड्यात, गुरुवारी दुपारी, ती दुकानात आली. भिंगरी तिच्या खांद्यावर झोपली होती. काका चष्मा कपाळावर चढवून एका फ्रेमचा स्क्रू आवळत होते.

"बाबा, हे बघ ना, काल काय केलं हिने," म्हणत तिने फोन पुढे केला.

काकांनी मान वर केली न केली. "काय हसते गं! अगदी तुझ्यावर गेलीय."

लेक फोन तसाच धरून राहिली. काकांनी चष्मा डोळ्यांवर ओढून नीट पाहिलं. भिंगरी भोकाड पसरून रडत होती. दवाखान्यात सुई टोचतानाचा व्हिडिओ होता तो, आवाज बंद केलेला.

"तक्ता उलटलास," काका म्हणाले.

"तूच शिकवलंस. महिनाभर बघतेय मी. ती हसो, रडो, झोपो, तुझं आपलं तेच. कधीपासून चाललंय हे?"

"वर्ष झालं असेल."

"आणि हिला घेतोस तेव्हा?"

इथे खोटं बोलता आलं असतं. शब्द तोंडाशी तयार होते. पण लहानपणी याच दुकानात काउंटरखाली बसून काचा पुसणारी पोर समोर उभी होती, आणि ती पुन्हा तक्ता उलटणार हे त्यांना ठाऊक होतं.

"काही वाटत नाही," ते म्हणाले. "वजन कळतं. पडू नये म्हणून घट्ट धरतो. बाकी काही नाही."

लेकीचा चेहरा पडला. तिने भिंगरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं, त्यांच्यापासून लांबच्या. "रोज नवऱ्याला फोटो पाठवत होते मी. बाबा किती खूश आहेत बघ म्हणून." आणि ती निघून गेली. काका स्क्रू शोधत बसले. तो त्यांच्या हातातच होता.

तासाभराने ती एकटीच परत आली. डोळे सुजले होते.

"आईला सांगितलं मी. ती काय म्हणाली माहितीये? 'मला वाटलं, यांना माझाच कंटाळा आलाय.' वर्षभर, बाबा! वर्षभर ती हेच समजून चाललीये."

काकांनी तोंड झाकून घेतलं. बायको थट्टा करत होती, नव्या साड्या नेसून समोर येत होती, ते कशासाठी, हे त्यांना त्या क्षणी समजलं. आपण तिला त्रास नको म्हणून गप्प राहिलो आणि नेमका तिलाच चुकीचा चष्मा दिला.

"बस खुर्चीत," लेक म्हणाली आणि त्यांच्या स्टुलावर बसली. "आता मी विचारणार. 'छान' म्हणायचं नाही. सकाळी उठणं बरं की दुपारी पडणं?"

"सारखंच."

"चहा की कॉफी?"

"सारखंच."

"आई की मी?"

"सारखंच," ते म्हणाले. रडता रडता तिला हसू फुटलं.

"राग माझ्यावर जास्त की स्वतःवर?"

"स्वतःवर." हे मात्र ताबडतोब आलं.

"म्हणजे तेवढंच स्वच्छ दिसतंय तुला," ती म्हणाली. "उद्या डॉक्टरकडे जायचं. मी येणार. आईपण येणार."

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. हे डिप्रेशन आहे, म्हणाल्या, कृतघ्नपणा नव्हे. माया आटलेली नाही, जाणवायची बंद झालीय. गोळ्या दिल्या, त्यांना वेळ लागेल हेही सांगितलं, आणि रोजचं फिरणं असो की घरातलं काही, वाटेल तेव्हा करीन असं म्हणायचं नाही, न वाटता करत राहायचं, अशी ताकीद दिली. दर पंधरा दिवसांनी यायचं ठरलं. बाहेर आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "मला आधी सांगायचंत हो." ते वाक्य काकांना गोळीपेक्षा कडू लागलं.

लेक गेली. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. "कालचं फिरणं की आजचं?" "सारखंच." रोज हे सांगताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पोर एवढी आशेने विचारते आणि आपण तिच्या ओंजळीत रोज तेच टाकतो! एकदा तर तिला बरं वाटावं म्हणून ते "आजचं" म्हणून गेले.

"पाठ?"

"हो. सारखंच होतं."

"मग सारखं म्हण ना. मला चालतं."

अडीच महिन्यांनी ती पुन्हा आली. भिंगरी आता बसायला लागली होती, अंगाने चांगली भरली होती. दारात या वेळी कुणी डोळे पुसले नाहीत, काकाही काही बोलले नाहीत. लेकीने पर्स ठेवली, भिंगरीला त्यांच्या डाव्या खांद्यावर टेकवलं आणि हात काढून घेतले. जरा वेळाने तिला उचलून उजव्या खांद्यावर दिलं. तिथे भिंगरीने त्यांचा कान गच्च पकडला.

"पहिलं की दुसरं?" लेकीने विचारलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

'सारखंच' शब्द सवयीने ओठांवर आला होता. काका तो म्हणणार तेवढ्यात थांबले. बराच वेळ थांबले. दोघींपैकी कुणीही घाई केली नाही.

"परत एकदा दाखव," ते म्हणाले.